पाच वर्षांच्या मुलीचं ताट: काय वाढवायचं आणि त्याआधी काय कमी करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पाच वर्षांची, वजन १६ किलो, उंची १०७ सेंटिमीटर. घर शाकाहारी, पण अंडं चालतं. दिवसाला तीन मोठे ग्लास दूध, प्रत्येकात दोन चमचे चॉकलेटी पावडर आणि एक चमचा साखर. पोळी, वरण-भात, बटाट्याची भाजी, संध्याकाळी बिस्किटं. पालेभाजी, उसळ किंवा फळ समोर आलं की तोंड फिरवते. सगळे अन्नगट रोज पोटात जायचे तर प्रमाण किती ठेवायचं, टॉनिक सुरू करावं का, आणि दोन वर्षांच्या धाकट्याला हेच ताट चालेल का?

आधी वजनाचं बोलू, कारण घरातली निम्मी काळजी तिथेच अडकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यांत पाच वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १८.२ किलो आणि उंची साधारण १०९ सेंटिमीटर आहे. काळजीची खालची रेघ १४ किलोच्या किंचित खाली येते. म्हणजे तुमची मुलगी बारीक अंगाची आहे, कुपोषित नाही. या वयात मुलं वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतात. पहिल्या वर्षी वजन तिप्पट झालेलं पाहिलेल्या आजीला हे फारच कमी वाटतं, आणि मग "काहीच खात नाही" ही तक्रार सुरू होते. ती खाते आहे. पोट भरतं ते दोन-तीन गोष्टींनीच, आणि बाकीच्या अन्नगटांना जागाच उरत नाही.

हिशेब करून बघा. या वयाला दिवसाला अंदाजे १३६० कॅलरी लागतात. तीन ग्लास म्हणजे ७५० मिली दूध. ते गाईचं असेल तर त्यातून ५०० च्या वर कॅलरी जातात, म्हशीचं असेल तर ८०० च्या आसपास. वर तीन चमचे साखर आणि सहा चमचे पावडर, जिच्यात पुन्हा बरीच साखरच असते. चार-पाच बिस्किटं धरली की अर्ध्याहून जास्त गरज पोळीला हात लागण्याआधीच भागली. मग जेवायला बसल्यावर ती दोन घास मऊ वरण-भात खाते आणि उठते, कारण चावावं लागणारं काही खाण्याइतकी भूकच नसते. दुधात लोह जवळजवळ नसतं. जेवणाबरोबर प्यायलं तर त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणातही अडथळा आणतं. दूध खूप आणि डाळ-भाजी नाही, असं चालणाऱ्या मुलांत रक्तक्षय (ॲनिमिया) आणि बद्धकोष्ठता जोडीनं दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्यामुळे हे फक्त गरीब घरांचं दुखणं आहे असं समजू नका.

तेव्हा पहिलं काम वाढवण्याचं नाही, कमी करण्याचं आहे. पालक उलट क्रमानं जातात. आहे ते सगळं तसंच ठेवून वर पालक, बीट, सुका मेवा कोंबू पाहतात आणि दोन आठवड्यांत हात टेकतात.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०११ च्या मार्गदर्शिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचं प्रमाण दिलं आहे. धान्य १२० ग्रॅम, डाळी-कडधान्य ३० ग्रॅम, दूध ५०० मिली, पालेभाज्या ५० ग्रॅम, इतर भाज्या १०० ग्रॅम, कंदमुळं १०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, तेल-तूप २५ ग्रॅम, साखर २० ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत, शिजवलेल्याची नाहीत. हे लक्षात न घेतल्यानं "१२० ग्रॅम भात" असा अर्थ काढला जातो आणि हिशेब चुकतो.

घरच्या भाषेत १२० ग्रॅम धान्य म्हणजे दिवसभरात दोन छोटे फुलके (प्रत्येकी २५ ग्रॅम कणीक), एक छोटी वाटी शिजलेला भात (३० ग्रॅम तांदूळ) आणि एखादं थालीपीठ किंवा वाटीभर पोहे. एवढंच. बहुतेक घरांत हा गट कधीच कमी पडत नाही, उलट जास्तच होतो. इथे प्रमाण वाढवण्यापेक्षा धान्य बदलण्यात फायदा आहे. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नसतं, बाजरीत सहाच्या वर असतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून दूध कमी करताना ती कामाला येते. आठवड्यातून तीन दिवस एखाद्या पोळीऐवजी बाजरीची किंवा ज्वारीची छोटी भाकरी द्या. मुलं भाकरी नाकारतात ती बहुधा गार झाल्यावर, कारण गार भाकरी चावायला कडक होते. तव्यावरून उतरली की तूप लावून कुस्करून द्या, वर गूळ नको. गुळात लोह असतं हे खरं, पण दोन चमचे गुळातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. तिची दिवसाची गरज ११ मिलिग्रॅम आहे. लोहासाठी गूळ खाणं म्हणजे साखरच खाणं.

डाळीच्या गटात सगळ्यात जास्त फसगत होते. वरण रोज असतं, म्हणून डाळ जाते असं वाटतं. भातावर घालायच्या पातळ वरणाच्या वाटीत कच्ची डाळ दहा ग्रॅमसुद्धा नसते, आणि मुलाला आपण वरचं पाणी वाढतो. ३० ग्रॅम डाळ म्हणजे दोन सपाट मोठे चमचे कच्ची डाळ. तिच्या नावाची एवढी डाळ सकाळीच बाजूला काढून मोजा. आठवडाभर मोजलंत की हाताला सवय होते. वरण चमच्यातून सांडणार नाही इतकं दाट ठेवा. खिचडीला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मुगाची डाळ घ्या. धान्याला जे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी पडतं, लायसिन, ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीला कमी पडणारं मेथिओनिन धान्यात असतं. धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग असं दिवसभरात बसलं तर शाकाहारी मुलाचं प्रथिनांचं भागतं. थालीपिठाच्या भाजणीत हे गणित आधीच केलेलं आहे. धिरडी, पिठलं, वाटली डाळ, मऊ भात-मेतकूट या सगळ्यांना तिच्या आठवड्यात जागा द्या.

उसळ न खाण्याचं कारण बहुतेक वेळा चव नसून साल आणि तिखट असतं. मटकी-मूग मोड आणून कुकरला जरा जास्त शिजवा आणि निम्मी उसळ डावानं ठेचून दाटसर करा. मोड आणल्यानं कडधान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. मोड मात्र पूर्ण शिजवूनच द्या. कच्च्या मोडांची भेळ लहान मुलांना नको, मोड येतानाच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात.

प्रथिनांची भीती तर सोडूनच द्या. या वयाची गरज दिवसाला १६ ग्रॅमच्या आसपास आहे. ४०० मिली दूध-दह्यातून १३, ३० ग्रॅम डाळीतून ७, १२० ग्रॅम धान्यातून ११-१२. बेरीज गरजेच्या जवळपास दुप्पट होते. प्रथिनांची पावडर विकत घ्यायचं काहीच कारण नाही. चॉकलेटी पावडरीचंही तेच. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं कळवलं होतं. डब्यामागचा तक्ता वाचा आणि १०० ग्रॅममागे साखर किती एवढी एकच ओळ बघा.

अंडं चालतं ही मोठी सोय आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात ३० ग्रॅम डाळीऐवजी ५० ग्रॅम अंडं, मासे किंवा चिकन चालतं. पण तुमच्याकडे अदलाबदल करू नका, डाळ तशीच ठेवून आठवड्यातून चार-पाच अंडी द्या. बी-१२ शाकाहारी घरात फक्त दूधदुभत्यातून येतं, त्याला अंड्याचा आधार होतो. पिवळा बलक काढून टाकू नका, बहुतेक पोषण त्यातच आहे. उकडलेल्याचा वास नको असेल तर कांदा-टोमॅटो घालून भुर्जी करा, किंवा पोळीच्या एका बाजूवर फेटलेलं अंडं पसरून भाजा आणि गुंडाळून द्या.

दुधाचं प्रमाण मी पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेपेक्षा थोडं कमी सुचवेन. दूध, दही, ताक, पनीर सगळं धरून ४०० मिली. कॅल्शियमची गरज ५५० मिलिग्रॅम आहे. गाईच्या ४०० मिली दुधातून पावणेपाचशेच्या जवळ जातं, उरलेलं नाचणी, तीळ आणि पालेभाजीतून येतं. वाटणी अशी करा: सकाळी १५० मिली, जेवणात अर्धी वाटी दही किंवा ताक, रात्री जेवण झाल्यावर तासाभरानं १५० मिली, आणि त्यानंतर दात घासायचे. जेवणाआधी दीड तास दूध नाही. पावडर एकदम बंद केलीत तर दूधच बंद होईल. दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, साखरही त्याच चालीनं. महिन्याभरात साध्या दुधावर याल. वेलची किंवा चिमूटभर जायफळ घालायला हरकत नाही.

पालेभाजीसाठी अनेक घरं पालकावर अडून बसतात. पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं लोह आणि कॅल्शियम फारसं शोषलं जात नाही. मेथी, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला हे जास्त उपयोगी. ५० ग्रॅम म्हणजे निवडलेल्या पानांची एक भरगच्च मूठ, शिजून तीन मोठे चमचे उरतात. डाळ-दाणे घातलेली पातळ भाजी, मुगाच्या डाळीतली शेपू, मेथीची धिरडी, कोथिंबिरीची वडी (तळलेली रोज नको, वाफवलेली द्या), आळूचं फदफदं यांतलं आठवड्याला दोन-तीन प्रकारांत फिरवा. पालेभाजीत तेल हवंच, कारण पानातलं केशरी द्रव्य, ज्यातून जीवनसत्त्व अ बनतं, ते स्निग्धाशिवाय शोषलं जात नाही. भाजी लपवून द्यावी का? पिठल्यात किंवा पोळीच्या कणकेत वाटून घालायला हरकत नाही, पण तेवढंच केलंत तर तिला भाजीची ओळख होत नाही. म्हणून लपवलेल्या भाजीबरोबर ताटात उघड दिसणारी चमचाभर भाजी रोज ठेवा. खाल्ली नाही तर काही बोलू नका. नवी चव पटायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावं लागतं. बहुतेक पालक तिसऱ्या वेळी सोडून देतात.

बटाटा भाजीत मोजू नका, तो कंदमुळांत जातो आणि ताटात धान्याचंच काम करतो. 'रोज भाजी खाते' आणि भाजी बटाट्याची, तर ती भाजी झाली नाही. त्याऐवजी लाल भोपळा, गाजर, रताळं यांकडे वळा. गोडसर असल्यानं मुलं लवकर स्वीकारतात. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट आहे. उपासाच्या खिचडीत खरं पोषण आहे ते दाण्याच्या कुटात.

फळ रोज १०० ग्रॅम: एक केळं, किंवा अर्धा पेरू आणि एक छोटा चिकू, किंवा वाटीभर पपई. पेरूत १०० ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर जीवनसत्त्व क असतं, चार फोडींत तिची दिवसाची गरज सहज भागते. सफरचंद महाग असूनही यात मागे आहे. जीवनसत्त्व क डाळ-भाजीतल्या लोहाचं शोषण वाढवतं, म्हणून पोह्यांवर किंवा वरणावर लिंबू पिळायची रीत सोडू नका. आच बंद केल्यावरच पिळा, उकळीत ते नष्ट होतं. चहा मात्र मुलांना नाहीच, घोटभरही नाही. त्यातल्या टॅनिनमुळे नेमकं उलट होतं. रस काढून देऊ नका, फोडी द्या.

तेल-तूप २५ ग्रॅम म्हणजे पाच छोटे चमचे, त्यात फोडणी, पोळीचं तेल आणि वरचं तूप सगळं आलं. बारीक मुलीला स्निग्ध कमी करायचं नसतं. भातावर चमचाभर तूप ४५ कॅलरी देतं, भाजीत मोठा चमचा दाण्याचा कूट पन्नासच्या वर. जवसाची आणि तिळाची चटणी तिखट न घालता, फक्त मीठ-जिऱ्याची करून ठेवा आणि दह्यात कालवून द्या. जवसातून ओमेगा-३ हे गरजेचं स्निग्धाम्ल मिळतं, आणि मासे न खाणाऱ्या घरात त्याचे स्रोत थोडेच असतात.

वेळापत्रक असं धरून चाला. सकाळी सव्वासातला १५० मिली दूध आणि रात्री भिजवलेले पाच-सहा बदाम किंवा मूठभर भिजवलेले दाणे. दहाच्या सुट्टीत डबा. एकला जेवण: एक छोटी पोळी किंवा अर्धी भाकरी, अर्धी वाटी दाट वरण किंवा उसळ, दोन-तीन चमचे भाजी, दही घालून काकडी-गाजराची कोशिंबीर, शेवटी दोन-तीन घास भात. साडेचारला फळ आणि त्यासोबत एक भरीव वस्तू: अंडं, उकडलेले हरभरे, किंवा तीळ-दाण्याचा एक छोटा लाडू. साडेसातला रात्रीचं जेवण. मधल्या वेळेत पाण्याशिवाय काही नाही. पाच ते साडेसात ही फट सांभाळणं सगळ्यात कठीण, कारण बिस्किटांचा डबा तेव्हाच निघतो. चार ग्लुकोज बिस्किटांत चमचाभर साखर असते, आणि वर मैदा. भांडण टाळायचं तर बिस्किटं घरात आणू नका, लपवून ठेवलेला डबा तिला सापडतोच.

डब्याबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. गरम पदार्थ लगेच झाकला की वाफ धरून चिकट होतो आणि उन्हाळ्यात दहापर्यंत आंबतो, म्हणून झाकण दहा मिनिटं उघडं ठेवा. दुसरं, सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची असते, त्यात खेळायचंही असतं. पोळी आणि वेगळी भाजी दिली तर भाजी परत येते. भाजी-डाळ आत शिरलेली असावी: थालीपीठ, मेथीचे ठेपले, मुगाचं धिरडं, भाज्या-दाणे घातलेला दडपे पोह्यांचा डबा, इडलीला दाट चटणी (ओल्या नारळाची उन्हाळ्यात नको, दाण्याची द्या). प्रमाण तिच्या दोन तळहातांत मावेल एवढंच. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शालेय पोषण आहार मिळत असेल तर प्राथमिकला त्यात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असते, म्हणजे ते पूर्ण जेवणच. त्या दिवशी घरी आल्यावर पुन्हा वरण-भाताचा आग्रह नको, फळ आणि दही पुरे.

बदल सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास एक अडचण येते. दूध-बिस्किटं कमी होतात, नवीन अन्न अजून पटलेलं नसतं, आणि ती एखाद्या रात्री चार घास खाऊन उठते. घरातलं कोणीतरी "उपाशी झोपेल पोर" म्हणून नवाला मोठा ग्लास दूध पाजतं. मुलं हा धडा एका रात्रीत शिकतात: जेवण टाळलं की दूध मिळतं. म्हणून सुरू करण्याआधी आजी-आजोबांशी बोलून घ्या. ठरलेलं १५० मिली दूध मिळेलच, जास्त नाही. काय आणि केव्हा वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे तिनं. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपायचं आणि ताट उचलायचं, मोबाईल-टीव्ही बंद. व्हिडिओ लावून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, आणि काय खाल्लं हेही. "भाजी संपव, मग चॉकलेट" हा सौदा करू नका, त्यानं भाजी शिक्षा ठरते.

धाकट्यासाठी ताट तेच, पण मापं वेगळी. एक ते तीन वर्षांना धान्य ६० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, पालेभाजी ५०, इतर भाज्या ५०, फळ १०० ग्रॅम. डाळ मोठीइतकीच आहे याकडे लक्ष द्या, धान्य मात्र निम्मं. दूध त्यालाही ५०० मिलीच्या आतच, आणि बाटलीतून पीत असेल तर आता कप द्या. अख्खे शेंगदाणे, बदाम, हरभरे, लाह्या आणि गोल द्राक्षं त्याला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करा, हरभरे ठेचा, द्राक्षं उभी चिरा. पाच वर्षांच्या मुलीलाही दाणे-बदाम बसूनच खायला लावा, पळताना नाही.

टॉनिकबद्दल: भूक वाढवणाऱ्या अनेक सिरपांत सायप्रोहेप्टॅडिन हे ॲलर्जीवरचं औषध असतं. त्यानं झोप येते, भूक औषध चालू असेपर्यंतच वाढते. बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. त्याऐवजी एकदा हिमोग्लोबिन आणि शक्य असेल तर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी) तपासा. पाच वर्षांपासून पुढे हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, त्याआधीच्या वयात ११ च्या खाली. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खायची सवय दिसली तर तपासणी लांबवू नका. रक्तक्षय निघाला तर आहारानं भरून यायला फार वेळ लागतो, लोहाचं औषधच लागतं, आणि ते दुधाबरोबर द्यायचं नसतं. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी आणि धाकट्याच्या वयाला आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप मिळतं. अंगणवाडीत, शाळेत किंवा आशाताईंकडे विचारा. जंताचं औषध वर्षातून दोनदा द्या: मुलीला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर धाकट्यालाही तेवढंच, नसतील तर २००. वजन दर तीन महिन्यांनी, त्याच काट्यावर, सकाळी, हलक्या कपड्यांत करा. रोज करू नका. सहा महिन्यांत काटा अजिबात हलला नाही, किंवा वारंवार जुलाब, पोटदुखी, ताप असेल, तर आहाराचं गणित बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.